लाल सिग्नल, कॅमेरा आणि तालांव: वाचकांचे प्रश्न

गोव्यात पणजीजवळच्या मेरशी जंक्शनवर २०२३ मध्ये कॅमेऱ्यांवर चालणारी सिग्नल यंत्रणा सुरू झाली. तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत लाल सिग्नल, कॅमेरा आणि मोबाईलवर येऊन पडणारा तालांव (दंडाचे चलान) हे विषय पुन्हा पुन्हा येतात. काही पत्रे रागाची आहेत, काही गोंधळलेली. दोन्हींना कारण आहे. निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले असून नावांऐवजी फक्त गावे दिली आहेत.

प्रश्न: मी रोज स्कूटरने कामाला जाते. पाऊस पडत होता, सिग्नल हिरवा होता, अगदी जवळ पोचले आणि पिवळा झाला. जोरात ब्रेक मारला असता तर घसरले असते म्हणून पुढे गेले. जंक्शनच्या मधोमध असताना लाल झाला. हा गुन्हा झाला का? पिवळ्यावर थांबायचे की निघायचे? (पर्वरी)

उत्तर: तुमच्या गाडीने स्टॉप लाईन (सिग्नलआधीची पांढरी पट्टी) ओलांडली तेव्हा दिवा पिवळा असेल, तर मधोमध असताना तो लाल झाला म्हणून सिग्नल तोडल्याचा गुन्हा होत नाही. कॅमेराही हेच पाहतो: लाल लागल्यानंतर गाडी रेषेच्या अलीकडून पलीकडे गेली का. पिवळ्याचा अर्थ मात्र ‘लवकर निघा’ असा नाही. सुरक्षितपणे थांबता येत असेल तर थांबायचे, आणि थांबल्यास घसरण्याची किंवा मागून धडक बसण्याची भीती असेल तरच पुढे जायचे.

खरा प्रश्न वेगळा आहे. तो पिवळा पुरेसा वेळ होता का? याचे गणित गाझिस, हर्मन आणि मॅराड्यूडिन या तिघांनी अमेरिकेत १९६० मध्ये मांडले आणि आजही जगभर तेच वापरतात. चालकाला दिवा बदललेला कळून ब्रेकवर हात जायला १ सेकंद धरायचा. त्यात वेग भागिले मंदनाची दुप्पट एवढे सेकंद मिळवायचे. वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा. मंदन, म्हणजे ब्रेक लावल्यावर दर सेकंदाला वेग किती कमी होतो ते, सपाट कोरड्या रस्त्यावर साधारण ३.०५ धरतात. या हिशेबाने ताशी ४० किलोमीटरला २.८ सेकंद, ५० ला ३.३, ६० ला ३.७ आणि ८० ला ४.६ सेकंद पिवळा लागतो.

आता समजा रस्त्यावर गाड्या ६० ने येतात आणि पिवळा ३ सेकंदांचाच ठेवला आहे. ६० च्या वेगाने ३ सेकंदांत गाडी ५० मीटर जाते. थांबायला मात्र तिला ६२ मीटर लागतात. म्हणजे रेषेपासून ५० ते ६२ मीटरच्या पट्ट्यात असताना ज्याचा दिवा पिवळा झाला, त्याला थांबताही येत नाही आणि लाल लागण्याआधी रेषा गाठताही येत नाही. तो कितीही सभ्य चालक असो, कॅमेरा त्याला पकडणारच. रस्ता ओला असेल आणि स्कूटर असेल तर मंदन २.५ धरणे शहाणपणाचे. मग थांबायला ७२ मीटर लागतात आणि हा पट्टा १२ वरून २२ मीटरचा होतो. गोव्यात जून ते सप्टेंबर रस्ते ओलेच असतात, तेव्हा हा अपवाद मानून चालणार नाही.

उतारावर परिस्थिती आणखी बिघडते. ४ टक्के उतारावर ६० च्या वेगाला ३.७ ऐवजी ४.१ सेकंद हवेत. पर्वरीच्या पठारावरून मांडवी पुलाकडे किंवा बांबोळीहून मेरशीच्या बाजूला उतरताना वेग आपोआप वाढतो. अशा रस्त्याच्या पायथ्याशी सपाट रस्त्याचे कोष्टक लावून पिवळा ठरवला, तर दोष चालकाचा कमी आणि कोष्टक लावणाऱ्याचा जास्त.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे. सिग्नल लांबून दिसला की वेग ४० वर आणा. ४० ला थांबायला ३१ मीटर लागतात आणि ३ सेकंदांत गाडी ३३ मीटर जाते, म्हणजे तो अडचणीचा पट्टा उरतच नाही. ओल्या रस्त्यावरही तो जेमतेम अडीच मीटरचा राहतो.

प्रश्न: पुढचे चाक पांढऱ्या पट्टीवर गेले तरी तालांव येतो असे सांगतात. कॅमेऱ्याला कसे कळते? (म्हापसा)

उत्तर: खांबावर बहुधा दोन प्रकारचे कॅमेरे असतात. एक रुंद दृश्य घेतो: रेषा, गाड्या, दिवा. दुसरा अरुंद, फक्त नंबर प्लेटसाठी, आणि रात्री दिसावे म्हणून त्याला इन्फ्रारेड दिवा असतो. जुन्या यंत्रणेत डांबरात चर पाडून तारेची वेटोळी पुरत. आता बहुतेक ठिकाणी संगणक चित्रावरच एक काल्पनिक रेषा आखतो आणि गाडी ती केव्हा ओलांडते ते पाहतो. दिवा लाल आहे ही माहिती सिग्नलच्या नियंत्रक पेटीतून थेट आलेली असणे चांगले. चित्रात लाल दिसतो का, एवढ्यावर विसंबणारी यंत्रणा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात चुकू शकते.

सिग्नल तोडल्याचा पुरावा एका फोटोने होत नाही. पहिल्या फोटोत दिवा लाल आणि गाडी रेषेच्या अलीकडे. दुसऱ्यात दिवा लाल आणि तीच गाडी रेषेच्या पुढे जंक्शनमध्ये. दोन्ही फोटोंत गाडी एकाच जागी, पट्टीवर चाक टेकवून उभी असेल, तर ते स्टॉप लाईन ओलांडणे झाले, सिग्नल तोडणे नव्हे. हा फरक पैशांचाही आहे. वाहतूक चिन्ह न पाळण्यासाठी मोटार वाहन कायद्याचे कलम ११९ सह १७७ लागते: पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास १,५०० पर्यंत. लाल सिग्नल तोडणे २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८४ खाली, धोकादायक वाहन चालवण्यात घातले आहे. तिथे १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही. गोव्यात हे वाढीव दर १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. म्हणून तालांव आला की आधी रक्कम पाहू नका, कलम पाहा.

यंत्रणा बिघडते ती साध्या कारणांनी. वाऱ्याने खांब हलतो, कॅमेरा थोडा फिरतो आणि काल्पनिक रेषा खऱ्या रेषेपासून सरकते. इन्फ्रारेडच्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागून कोळी, आणि भिंगावर जाळे धरते. पावसाळ्यात झाडाची फांदी वाढून दिव्यासमोर येते. सगळ्यात नेहमीचे म्हणजे मे महिन्यात हॉटमिक्स (डांबरीकरण) होते आणि पांढरी पट्टी त्याखाली जाते; ती पुन्हा रंगवेपर्यंत पाऊस सुरू झालेला असतो. रस्त्यावर रेषाच नसेल तर ती ओलांडली म्हणून दंड घेणे योग्य नाही. अशा जागेचा तालांव आल्यास त्याच दिवशी रस्त्याचा फोटो काढून ठेवा.

प्रश्न: डावीकडे वळायला लाल सिग्नल लागू नाही ना? (कुडचडे)

उत्तर: डावीकडे वळायची मुभा देणारा फलक किंवा डावीकडचा हिरवा बाण असेल तरच जा. नसेल तर थांबा, मागचा कितीही हॉर्न वाजवो. आणि फलक असला तरी झेब्रावरच्या माणसाला आधी जाऊ द्यायचे.

प्रश्न: माझी गाडी घरासमोर उभी होती आणि मेसेज आला की तुम्ही म्हापशात सिग्नल तोडला. मी मडगावचा. आता काय करू? पाचशे-हजार भरून मोकळे व्हावे असे घरचे म्हणतात. (मडगाव)

उत्तर: भरू नका. पैसे भरले की गुन्हा तडजोडीने मिटला, म्हणजे तुम्ही तो मान्य केला असाच अर्थ होतो, आणि पुढच्या वेळी दुसऱ्यांदा गुन्हा केला असे दिसते.

आधी केंद्र सरकारच्या ई-चलान परिवहन संकेतस्थळावर जा. वाहन क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाची शेवटची ५ अक्षरे टाकली की तालांव उघडतो. त्यातला फोटो मोठा करून पाहा. गाडी तुमचीच आहे का: मॉडेल, रंग, आरसे, स्टिकर. मग प्लेट एकेक अक्षर वाचा. संगणक ३ ला ८, शून्याला डी, १ ला ७ वाचतो. जीए-०३ म्हापशाचा आणि जीए-०८ मडगावचा, त्यामुळे आपल्याकडे ही चूक नेमकी दोन टोकांच्या गावांत होते. प्लेट बसवताना स्क्रू आकड्यावर आला तरी ३ चा ८ होतो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट बसवूनच देतात आणि ती नीट वाचली जाते. घोळ बहुधा जुन्या, नक्षीदार अक्षरांच्या प्लेटचा असतो.

फोटोत नंबर वेगळा आणि वाचला तुमचा, तर ती वाचनातली चूक. संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे तिथे नोंद करा, आणि शिवाय वाहतूक पोलिसांकडे लेखी अर्ज द्या. सोबत आरसीची प्रत, तुमच्या गाडीचा त्याच कोनातून काढलेला फोटो (कॅमेरा मागून टिपत असेल तर मागून), आणि त्या वेळी गाडी दुसरीकडे असल्याचा पुरावा: पेट्रोलची पावती, सोसायटीच्या सीसीटीव्हीचे चित्रण, गॅरेजचे बिल. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी सांगून आलात तर काहीच झाले नाही असे समजा.

फोटोत दुसरीच गाडी आहे पण तिच्यावर नंबर खरोखर तुमचाच आहे, तर प्रकरण गंभीर आहे. कोणीतरी तुमचा नंबर लावून फिरतो आहे. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. उद्या त्या गाडीने अपघात केला तर पोलीस तुमच्या दारात येतील, आणि तेव्हा ही तक्रारच तुमच्या कामी येईल.

अर्जाने सुटले नाही तर तडजोड नाकारून प्रकरण न्यायालयात पाठवायला सांगा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७अ हा नियम आला. त्यातल्या गोष्टी तपासा. कॅमेऱ्याला राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र हवे आणि ते दरवर्षी नवे करून घ्यावे लागते. कॅमेऱ्याची देखरेख आहे असा फलक त्या टप्प्याच्या आधी, दिसेल असा हवा. गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवलेली हवी. फोटोत गुन्हा आणि नंबर स्पष्ट हवा. तारीख, वेळ, ठिकाण हवे. आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र हवे, जे आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली येते. यातले एखादे नसेल तर ते न्यायालयापुढे मांडायचा तुम्हाला हक्क आहे. सिग्नल खरोखर तोडलेल्याने मात्र ही यादी पळवाट म्हणून वापरू नये. ती निर्दोष माणसासाठी आहे.

प्रश्न: माझ्या रेंट-अ-बाईक आहेत. पर्यटक सिग्नल तोडून विमानाने परत जातो आणि तालांव माझ्या नावावर येतो. (कळंगुट)

उत्तर: नोंदणी तुमच्या नावावर, म्हणून नोटीस तुम्हालाच येणार. पण कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारल्यावर त्या वेळी गाडी कोण चालवत होता ही माहिती देणे मालकाचे कर्तव्य आहे, आणि तुमचा बचावही त्यातच आहे. त्यासाठी वही नीट हवी. गाडी दिली आणि परत घेतली ती तारीख आणि वेळ मिनिटासह. परवान्याचा दोन्ही बाजूंचा फोटो. विदेशी असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना आणि पासपोर्ट. मोबाईल क्रमांक समोरच रिंग देऊन तपासलेला. आणि करारावर सही. ‘सकाळी दिली’ असे लिहिलेली वही कामाची नाही, कारण तालांवावर वेळ असते आणि त्याच दिवशी गाडी दोघांकडे गेलेली असू शकते.

नोटीस यायला १५ दिवस लागू शकतात. त्याची वाट पाहू नका. सगळ्या गाड्यांच्या आरसीवर एकच चालू मोबाईल नंबर नोंदवा, आणि गाडी परत आली की दोन-तीन दिवस संकेतस्थळावर तिचा नंबर तपासत राहा. अनामत रकमेतून दंड कापायचा असेल तर तसे कलम करारात आधीच लिहिलेले हवे. चावी देताना हेल्मेट, जवळचे सिग्नल आणि एकमार्गी रस्ते एवढे तोंडाने सांगा. मुंबई-दिल्लीच्या माणसाला आपले एकमार्गी रस्ते ठाऊक नसतात.

काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरे असलेल्या गाड्यांबद्दल हे झाले. पांढऱ्या प्लेटची खासगी स्कूटर भाड्याने दिली असेल तर दंड ही सगळ्यात लहान अडचण आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करते.

प्रश्न: हे कॅमेरे म्हणजे सरकारची पैसे गोळा करायची पेटी आहे. अमेरिकेत लोकांनी मतदान करून ते काढून टाकले. मग आपण का लावतो? (फोंडा, एक शिक्षक)

उत्तर: तुम्ही म्हणता ते ह्यूस्टनमध्ये घडले. २०१० च्या नोव्हेंबरात तिथल्या मतदारांनी लाल सिग्नलचे कॅमेरे नाकारले. त्यावर २०२० मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅमेरे गेल्यावर काटकोनातल्या धडका वाढल्या, बाकीचे अपघात कमी झाले, आणि एकूण अपघातांत किंवा जखमींत कॅमेऱ्यांमुळे घट होत होती असा पुरावा त्यांना मिळाला नाही.

दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. अमेरिकेच्या केंद्रीय महामार्ग प्रशासनाने २००५ मध्ये सात ठिकाणच्या १३२ जंक्शनांचा अभ्यास दिला. काटकोनातल्या धडका २४.६ टक्के घटल्या, मागून बसणाऱ्या धडका १४.९ टक्के वाढल्या. बाजूने दारावर बसलेली धडक माणूस मारते, मागून बसलेली बहुधा बंपर मोडते. म्हणून गोळाबेरीज फायद्याची निघाली. तिथल्या विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेने पुढे दाखवले की ज्या शहरांनी कॅमेरे बंद केले तिथे लाल सिग्नल तोडल्याने होणारे प्राणघातक अपघात, कॅमेरे चालू असते तर झाले असते त्यापेक्षा ३० टक्के जास्त होते.

हे आकडे गोव्यात जसेच्या तसे उचलता येणार नाहीत, आणि त्याचे कारण फारसे कोणी बोलत नाही. ते हिशेब मोटारींच्या शहरांतले आहेत. आपल्या रस्त्यांवर दुचाकी भरून आहेत. मोटारीला मागून बसलेली धडक बंपरवर निभावते. स्कूटरला मागून बसलेली धडक माणसाला डांबरावर फेकते. कॅमेऱ्याच्या भीतीने पुढच्याने अचानक ब्रेक मारला आणि मागे कदंबची बस किंवा खनिजाचा ट्रक असला, तर ती ‘किरकोळ धडक’ राहत नाही. त्यामुळे पिवळा पुरेसा नसताना कॅमेरा लावणे परदेशापेक्षा इथे जास्त धोक्याचे आहे.

पैशांबद्दलची शंका अगदीच निराधार नाही. शिकागोत कॅमेऱ्यांचे कंत्राट मिळवून देण्यासाठी लाच घेतल्याबद्दल महापालिकेच्या वाहतूक विभागातल्या माजी अधिकाऱ्याला २०१६ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. ऑरेगॉनमध्ये एका गृहस्थांच्या पत्नीला २०१३ मध्ये उजवीकडे वळताना असा दंड झाला. त्यांनी पिवळ्याचे गणित तपासले आणि वळणाऱ्या गाडीला ते कमी पडते हे दाखवून दिले. परवाना नसताना स्वतःला अभियंता म्हणवून घेतल्याबद्दल तिथल्या मंडळाने त्यांनाच ५०० डॉलर दंड केला. न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २०२० मध्ये अभियंत्यांच्या संस्थेने वळणाऱ्या गाड्यांसाठी गणित सुधारले. एका नागरिकाच्या चिकाटीने हे झाले.

आमचे मत स्पष्ट आहे. कॅमेरा असावा, पण शेवटी. आधी पिवळा प्रत्यक्ष वेगाप्रमाणे लावा, रेषा रंगवा, फलक उभारा, आणि कंत्राटदाराला दर तालांवामागे पैसे देऊ नका. ठरावीक देखभाल शुल्क द्या. ज्याची कमाई तालांवांच्या संख्येवर आहे, त्याला पिवळा वाढवण्यात रस कसा असेल? आणि आणखी एक आकडा लक्षात ठेवा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,६८,४९१ मृत्यू आहेत. त्यांतले ७१ टक्के अतिवेगाच्या सदरात, लाल सिग्नल तोडल्याच्या सदरात सुमारे १ टक्का. पोलीस एका अपघाताला एकच कारण लिहितात, त्यामुळे वेगाने सिग्नल तोडलेला बहुधा ‘अतिवेग’ मध्येच जातो, हे खरे. तरीही एकच कॅमेरा परवडत असेल तर तो वेग मोजणारा असावा. दिवा हिरवा असतानाही वेग माणूस मारतो.

प्रश्न: मागे १०८ रुग्णवाहिका सायरन वाजवत होती म्हणून लाल असताना पुढे सरकलो. तालांव आला तर? (वास्को)

उत्तर: रुग्णवाहिकेला वाट न देणे हा कलम १९४ई खाली १०,००० रुपयांचा गुन्हा आहे, म्हणून वाट द्यायचीच. पण पुढे नव्हे, डावीकडे सरकून. आडव्या रस्त्याला तेव्हा हिरवा असतो आणि ते लोक सायरन ऐकून थांबलेले असतीलच असे नाही. रेषा ओलांडण्याशिवाय गत्यंतरच नसेल तर गाडीभर पुढे येऊन थांबा, जंक्शन पार करू नका. तालांव आलाच तर दुसरा फोटो आणि चित्रफीत मागा. रुंद कॅमेऱ्यात मागची रुग्णवाहिका सहसा दिसते. डॅशकॅम असेल तर त्याचे चित्रण लगेच काढून ठेवा, कारण कार्ड भरले की तो जुने पुसतो.

प्रश्न: व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ नावाची फाईल आली. उघडावी का? (काणकोण)

उत्तर: उघडू नका. शेवटी ‘एपीके’ असलेली फाईल म्हणजे ॲप. ते बसवले की तुमचे ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातात. खरा तालांव फाईल म्हणून येत नाही. लिंक आली असेल तर तीही दाबू नका. संकेतस्थळ स्वतः उघडा, पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे ना ते पाहा आणि गाडीचा नंबर टाका. तिथे काही नसेल तर मेसेज खोटा. फाईल उघडून झाली असेल तर आधी मोबाईल डेटा बंद करा, मग बँकेला फोन आणि १९३० वर तक्रार.

प्रश्न: रात्री सिग्नल नुसता पिवळा लुकलुकतो. थांबायचे का? (साखळी)

उत्तर: वेग कमी करा, दोन्ही बाजू पाहा, जा. लाल लुकलुकत असेल तर मात्र पूर्ण थांबून, पाहून मगच जा.

प्रश्न: आमच्या तिठ्यावर अपघात होतात. पंचायतीने कॅमेऱ्याचा ठराव घ्यावा असे तरुणांचे म्हणणे आहे. ठरावात काय लिहावे? (डिचोली)

उत्तर: ठरावाआधी माहिती काढा. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि उत्तर ३० दिवसांत यायला हवे. साबांखाकडे (सार्वजनिक बांधकाम खात्याकडे) अर्ज केला आणि माहिती वाहतूक पोलिसांकडे असली, तर अर्ज ५ दिवसांत तिकडे पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. विचारा: गेल्या ३ वर्षांतले अपघात, तारीख, वेळ आणि धडकेचा प्रकार, सिग्नल असल्यास सध्याचे वेळापत्रक आणि ते शेवटचे केव्हा बदलले, रस्त्याची ठरवलेली वेगमर्यादा. राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात ३ वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमेचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू झाले असतील, तर तो ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो आणि तसे दाखवता आले तर मागणीला वजन येते.

मग धडकेचा प्रकार पाहा. काटकोनातल्या धडका जास्त असतील तर सिग्नलमध्ये ‘सगळीकडे लाल’ असा वेळ किती आहे हे तपासा. ३० मीटर रुंद जंक्शन ६ मीटर लांबीच्या गाडीने ५० च्या वेगाने मोकळे करायला २.६ सेकंद लागतात. तेवढा वेळ चारही बाजूंना लाल नसेल, तर पिवळ्याच्या शेवटी नियमाने शिरलेली गाडीही आडव्या गाडीसमोर येते. हा बदल सिग्नलच्या नियंत्रक पेटीत आकडा बदलून होतो, नवे यंत्र लागत नाही. लाल किती सेकंद उरला ते दाखवणारा आकडा असेल तर लोक ३ वर असतानाच निघतात. तिथे तर हा वेळ आणखी महत्त्वाचा.

पादचारी जखमी होत असतील तर हिरव्या माणसाचा वेळ मोजा. धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, म्हातारे माणूस ०.८. रस्ता १४ मीटर रुंद असेल तर आजीला साडेसतरा सेकंद हवेत. सिग्नलचा एक फेरा १२० सेकंदांहून लांबला की लोकांचा धीर सुटतो आणि सिग्नल तोडणे वाढते, हेही ध्यानात ठेवा.

जागा असेल तर सर्कलचा विचार जरूर करा. साध्या चौकात गाड्यांच्या वाटा एकमेकींना छेदण्या-मिळण्याच्या ३२ जागा असतात, एकपदरी सर्कलमध्ये ८. आणि काटकोनातली धडक जवळपास संपतेच. सर्कल बिघडते ते दोन कारणांनी: आत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचे हे कोणी पाळत नाही, आणि तोंडाशीच बस थांबते. बसथांबा किमान ५० मीटर पुढे न्यावा असे ठरावातच लिहा. या सगळ्यानंतरही सिग्नल तोडणे चालू असेल, तर कॅमेऱ्याची मागणी करा आणि सोबत वर दिलेल्या अटी घाला.

प्रश्न: आमच्या महाविद्यालयातल्या मुलांना जवळच्या सिग्नलचा पिवळा खरोखर किती वेळ असतो ते मोजायचे आहे. स्टॉपवॉच चालेल? (मडगाव)

उत्तर: स्टॉपवॉचने अर्ध्या सेकंदाची चूक सहज होते, आणि इथे भांडण अर्ध्या सेकंदाचेच आहे. मोबाईलवर सेकंदाला ३० चौकटींची साधी चित्रफीत घ्या; स्लो-मोशन नको, कारण पाहताना वेग बदलतो आणि मोजणी फसते. फुटपाथवर उभे राहून, फोन कठड्याला टेकवून, दिवा चित्रात मोठा येईल असा धरा. घरी चौकटी एकेक पुढे नेणाऱ्या ॲपमध्ये पिवळा प्रथम दिसलेली आणि लाल प्रथम दिसलेली चौकट शोधा. मधल्या चौकटी भागिले ३० म्हणजे सेकंद. एलईडी दिवा चित्रात लुकलुकल्यासारखा दिसला तर घाबरू नका, पहिली पेटलेली चौकटच धरा. असे १० फेरे सकाळी, १० संध्याकाळी घ्या. कॅमेऱ्यावर चालणाऱ्या सिग्नलमध्ये हिरवा गर्दीप्रमाणे कमी-जास्त होतो, पण पिवळा दर वेळी तेवढाच असायला हवा. तो बदलत असेल तर तीच मोठी बातमी.

सोबत गाड्यांचा वेग हवा. रस्त्याकडेला टेपने ५० मीटर मोजून दोन खुणा करा आणि हिरव्यावर मोकळ्या येणाऱ्या १०० गाड्यांना ते अंतर कापायला लागलेला वेळ याच पद्धतीने काढा. ३ सेकंद म्हणजे ताशी ६०, ३.६ सेकंद म्हणजे ५०. वेग चढत्या क्रमाने लावून ८५ वा आकडा घ्या आणि वर दिलेल्या गणितात घाला. सरासरी वेग घेतला तर निम्म्या चालकांना पिवळा अपुरा पडेल. उतार असेल तर १ मीटरची सरळ पट्टी, पाणसळ आणि फूटपट्टी पुरे: पाणसळीने पट्टी आडवी धरली असता उताराकडच्या टोकाखाली ४ सेंटीमीटर फट राहिली, तर उतार ४ टक्के. मोजमापे, तारखा आणि मूळ चित्रफिती जोडून अहवाल वाहतूक पोलीस आणि साबांखा दोघांकडे द्या, आणि दोन्हीकडून पोच घ्या.